मी खिडकी मागितली होती

वसंता,

तार आली तेव्हा मी चौथीच्या मुलींना शुद्धलेखन सांगत होते. शिपाई दारात येऊन उभा राहिला. त्याच्या हातातला कागद मी वाचला, घडी घातली, टेबलावरच्या रुळाखाली ठेवली आणि पुढचं वाक्य सांगितलं. 'शेतकरी पहाटे उठून मोट हाकतो.' त्यानंतर आणखी चार वाक्यं सांगितली. एका मुलीनं विचारलं, बाई, पहाटेतला ह कसा काढायचा? मी फळ्यावर लिहून दाखवला. मग हेडबाईंकडे गेले आणि म्हणाले, माझा भाऊ गेला, मला बुलढाण्याची गाडी धरायची आहे. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी काहीतरी करायचं विसरले होते, असं त्यांना वाटलं असावं.

ते मी अजूनही केलेलं नाही. तुझी बायको विमल रडली, बाबा रडले, तुझ्या ऑफिसातला नकाशे काढणारा जोशी भिंतीला डोकं टेकून रडला. मी तुझ्या पायांशी बसले होते. पाय पिवळे पडले होते, नखांच्या खालीसुद्धा. एवढंच मला नीट आठवतं. आठ दिवसांपूर्वीच्या पत्रात तू लिहिलं होतंस, साधी कावीळ आहे, एरंडाचा रस घेतो आहे, काळजी नको. मी काळजी केली नव्हती. त्या पत्राचं उत्तरही दिलं नव्हतं. आपलं बोलणं बंद होतं ना.

तुझं शिक्षण, तुझी घरं, तुझं नाव, हे बाकीचे लोक सांगतील. शोकसभेत सांगितलंही. मला फक्त आपल्या भांडणाबद्दल लिहायचं आहे. ते अर्धवट राहिलं आणि तू गेलास. नंतर पुष्कळ काही घडलं आहे. तुला ते कळायला हवं.

आधी थोडं मागचं. पैनगंगेकाठचा आपला मळा बाबा पावलांनी मोजायचे. वांग्याचा वाफा इतकी पावलं, मिरचीचा इतकी. तू सात-आठ वर्षांचा, त्यांच्या मागून मोजत जायचास आणि तुझा आकडा नेहमी जास्त यायचा. 'बाबा, आपलं वावर मोठं झालं,' असं तू ओरडायचास. बाबा म्हणायचे, 'वावर तेवढंच हाये लेका, तुहे पाय लहान हायेत.' ते तू मान्य करायचा नाहीस. मोठा झाल्यावरही एखाद्या घरात गेलास की आधी चालून पाहायचास, टेप मागून काढायचास. मी विचारलं तर म्हणालास, 'टेप सगळ्यायले सारखी, आक्का. घरात चालनारे पाय येगळे येगळे रायतात.'

महाराष्ट्र झाला त्या साली तू मुंबईहून शिकून आलास. बाबांना वाटत होतं तू सरकारी बांधकामात लागशील. तू बुलढाण्यात एक खोली घेतलीस, खिडकीपाशी मोठा तिरपा फळा मांडलास आणि आपला धंदा सुरू केलास. आर्किटेक्ट म्हणजे काय हे इकडे कोणाला ठाऊक! आमच्या मेहकरच्या गल्लीत लोक मला विचारायचे, 'मास्तरीनबाई, तुमचा भाऊ ओव्हरसियरच्या वर का खाली?' मी वर म्हणून सांगायचे. मलाही नक्की माहीत नव्हतं.

ते कळलं सोनाराच्या घरात. आमच्याच गल्लीतलं, आमच्यासारखंच धाब्याचं, वर मातीचं सपाट छत आणि दगडमातीच्या जाड भिंती असलेलं घर. समोर ढेलज, मग ओसरी, आणि आत एकामागे एक अंधाऱ्या खोल्या. सोनार घर विकून गावाबाहेर प्लॉट घ्यायला निघाला होता. तू त्याला म्हणालास, मला पंधरा दिवस द्या. पहिले दोन दिवस तू नुसता त्या घरात बसलास. सोनाराची बायको मला येऊन म्हणाली, 'तुमचा भाऊ भला हाये, पन तो काही करूनच नाही राह्यला. चुलीपाशी बसते आन् मी कुठून कुठं जाते ते पाह्यते.' मग तू जिना हलवलास. मधल्या खोलीच्या धाब्याला वर काच बसवून उजेड पाडलास. मागच्या बाजूला नळ आणि संडास आणलास. भिंत एकही पाडली नाहीस. काम झाल्यावर अर्धी गल्ली पाहायला आली. सोनाराची बायको मधल्या खोलीत भर दुपारी सुईत दोरा ओवून दाखवत होती. ज्याला त्याला ओवून दाखवत होती.

त्या संध्याकाळी तू आमच्या ओसरीवर जेवायला बसला होतास. हे म्हणाले, 'वसंतराव, एवढ्या खटपटीत नवं घर झालं असतं.' तू भाकरी मोडता मोडता म्हणालास, 'भाऊजी, नवं घर सोपं असते. नव्या घराले मी सांगतो, असं उभं राह्य. जुन्या घराले मले इचारा लागते, बाप्पा, तू इतकी वर्सं कसा उभा हायेस?' मला तुझा फार अभिमान वाटला. तो मी बोलून दाखवला नाही. तुला आणखी एक भाकरी वाढली.

पुढची तीन-चार वर्षं तू तेच केलंस. खामगावला दोन घरं, चिखलीला एक. मग पिंपळगाव राजाला मोठं काम लागलं आहे, असं एका पत्रात लिहिलंस. त्यानंतर त्या कामाचं नाव तू काढलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. आणि मग एकाएकी तू जुनी घरं घ्यायचं बंद केलंस. कोणी आलं की सांगायचास, जुन्याला हात लावत नाही, प्लॉट असेल तर या. बुलढाण्याच्या नव्या वस्तीत डॉक्टरांचे बंगले, वकिलांचे बंगले. सिमेंटचं परमिट, लोखंडाच्या सळया, स्लॅब. मी एकदा तुझा एक बंगला पाहायला आले होते. पांढरा, सपाट, पुढे कुंड्या. मी म्हणाले, 'वसंता, हे घर हाये का दवाखाना?' विमल हसली. तू हसला नाहीस.

मला वाटलं, तुला श्रीमंत गिऱ्हाइकांची चटक लागली. मी तसं बोललेही. एकदा नाही, पुष्कळदा. 'सिमेंटवाला' म्हणायचे मी तुला. तू ऐकून घ्यायचास. एरवी एका शब्दाला दोन शब्द देणारा माझा भाऊ गप्प बसतो, याचं मला नवल वाटायला हवं होतं. तेव्हा वाटलं, खरं बोललं की माणूस गप्प बसतो.

मग माझ्या स्वयंपाकघराची गोष्ट आली. तुला माहीत आहे ते घर. सगळ्यात मागची खोली, एकच दार, तेही मधल्या अंधाऱ्या खोलीत उघडणारं. सकाळी सहाला कंदील लावून मी चूल पेटवायची आणि दुपारी शाळेतून आले की पुन्हा कंदील. धुरानं डोळे इतके चुरचुरायचे की वर्गात मुली विचारायच्या, बाई, रडल्या का? त्या वर्षी गोवऱ्या काढताना मला विंचू चावला. हात खांद्यापर्यंत सुजला, दोन दिवस शाळा बुडली. तू भेटायला आलास तेव्हा मी खाटेवरूनच म्हणाले, 'वसंता, मागच्या भिंतीले एक खिडकी करून दे. दीड हाताची. एवढीच. पलीकडे मोकळी बोळ हाये, उजेड येईन, धूर जाईन.'

तू उठून आत गेलास. बराच वेळ आत होतास. बाहेर आलास आणि म्हणालास, 'आक्का, तुम्ही प्लॉट घ्या. मी घर बांधून देतो. नकाशा, देखरेख, सगळं माहं. स्वयंपाकघराले तीन खिडक्या करून देतो.'

'मले घर नको. खिडकी पायजे.'

'त्या भिंतीले नाही होत.'

'काऊन नाही होत? सोनाराच्या घरी धाब्याले भोक पाडलं तू.'

'ते येगळं होतं.'

'काय येगळं होतं?'

तू भाऊजींकडे बघून म्हणालास, उशीर झाला, निघतो.

त्यानंतर दीड वर्ष आपण तेच भांडलो. तू प्रत्येक वेळी नवं कारण द्यायचास. जाड भिंतीमुळे घर थंड राहतं. जुन्या भिंतीचं एक देखणेपण असतं. एकदा तर म्हणालास, बोळीतून मांजरं आत येतील. आर्किटेक्ट माणूस, मुंबईचा शिकलेला, आणि मांजरं! मी इतकी चिडले की बाबांसमोर म्हणाले, ह्याला आता गरिबांच्या घरात हात घालायची लाज वाटते. बाबा म्हणाले, 'असं बोलू नोको गं पोरी.' तू ताटावरून उठला नाहीस. सावकाश जेवलास, हात धुतलास आणि शेवटच्या गाडीनं गेलास.

मार्गशीर्षात तू जानेफळला चालला होतास, तिथल्या डॉक्टरांच्या बंगल्याचं काम होतं. जाताना चहाला थांबलास. मी चहा केला, पण ओसरीवर बसायला आले नाही, आतच राहिले. तू कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आलास. आत काहीच दिसत नव्हतं, फक्त चुलीतला जाळ. 'आक्का, प्लॉट घे ना,' तू म्हणालास. अगदी हळू. मी पाठ वळवूनच बोलले, 'तुले जमत नसन तं तसं सांग ना. जमत नाही म्हन. मी दुसरा मिस्त्री पाह्यते.'

तू कप उंबऱ्यावर ठेवलास आणि म्हणालास, 'येतो मी.'

एवढंच. पौषात तार आली.

तेराव्यानंतर मी मेहकरला परत आले, शाळेत रुजू झाले. लोक भेटायला यायचे, मी चहा द्यायचे, ते निघून जायचे. हे मला रोज विचारायचे, झोप लागली का? लागत होती. भूकही लागत होती. मला माझीच लाज वाटायची. पाठचा भाऊ गेला आणि मी वांग्याच्या भाजीत मीठ बरोबर टाकते आहे.

माघ लागला तेव्हा एका रविवारी दुपारी दारात एक बाई उभी होती. तिशी-पस्तिशीची असेल. काखेत कुबडी, डावा पाय वाळलेला आणि आत वळलेला. मागे तिचा नवरा, हातात पिशवी. मला वाटलं, शाळेतल्या कुठल्या मुलीची आई.

'वसंतराव साहेबायची बहीण तुमीच का?' तिनं विचारलं. 'मी कौसल्या. पिंपळगाव राजाची. मानसं खामगावच्या बाजारात गेलते, थितं कळलं आमाले. लवकर याचं होतं, पन दोन गाड्या बदला लागतात, चढनं होत नाही.'

मी तिला ओसरीवर बसवलं. तिचा नवरा यांच्याबरोबर ढेलजेत बसला. मी म्हणाले, 'तुमची न् वसंताची ओळख कशी?'

ती माझ्याकडे पाहत राहिली. 'त्याइनं तुमाले सांगतलं नाही?'

मग तिनं सांगितलं. तिनं जसं सांगितलं तसंच लिहिते. तिच्या सासऱ्याचं गावात जुनं घर, गल्लीतलं, दोन चौकांचं. धाकट्या दिराचं लग्न ठरलं, सासऱ्याला वाटलं, मधली भिंत काढून मोठी बैठक करावी. तू म्हणालास, होईल, गर्डर टाकावा लागेल, पण दिवाळीनंतर करू, पावसाळा जाऊ द्या. सासरा ऐकेना, लग्न वैशाखातलं. शेवटी तू हो म्हणालास. काम झालं, लग्न झालं, बैठक पाहून गाव चकित झालं. श्रावणात तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी सकाळी कौसल्या चूल पेटवायला बसली आणि गर्डर ज्या भिंतीवर टेकला होता ती भिंत पोटातून सुटली. दगड बाहेरून नीट दिसत होते, आत नुसती माती होती. ती पाणी पिऊन बसली होती. कौसल्येला दोन तासांनी बाहेर काढलं.

'कोनी मेलं नाही,' ती म्हणाली. 'तेवढं देवानं केलं. माहा पाय गेला. पोटात होतं, थेही गेलं.'

मी तिची घसरलेली कुबडी उचलून भिंतीला टेकवली.

'साहेब दवाखान्यात आले. माह्या सासऱ्याच्या पाया पडले. म्हने, भिंत मी बाहेरून मोजली, पोटात पाह्यलं नाही. सासरे म्हने, साहेब, घाई आमचीच. पन त्याइच्या मनातून गेलं नाही ते. मंग त्याइनंच आमचं नवं घर बांधून देलं, गावाबाहेर. एक पैसा घेतला नाही. बाई, तुमी याले पायजे पाहाले. माह्या घराले उंबरठा नाही. एकबी नाही. ह्या पायानं अडखळू नाही म्हून. लोक हासतात, बिनउंबरठ्याचं घर म्हनतात. भिंतीले सगळीकडे लाकडाचा कठडा हाये, धरून चालाले. चूल उभ्याची हाये, मले वाकनं होत नाही ना. चार दिवस साहेब घरात बसून मी कशी चालते ते पाहून राह्यले होते.'

मी तुझा पांढरा बंगला पाहिला होता आणि दवाखाना म्हणाले होते. तुझं हे घर मला माहीत नव्हतं. विमललाही नव्हतं. मी नंतर तिला विचारलं, ती म्हणाली, पिंपळगावला साइट आहे एवढंच म्हणायचे.

'दर पोळ्याले येत,' कौसल्या म्हणाली. 'मागच्या पोळ्याले मले म्हने, माह्या बहिनीले स्वयंपाकघरात खिडकी पायजे. तिची भिंत तुमच्यासारखीच हाये, पोटात माती. भिंत फोडाची सब्बल हातात घेतली का मले तुमी दिसता. ती तिथं रोज बसते चुलीपाशी. माह्यानं होत नाही. मी म्हनलं, मंग सांगा न तिले. तं म्हने, ती मास्तरीन हाये, तिले खरं सांगतलं का ती म्हनन, भिऊ नोको, फोड. आन् मंग मले फोडा लागन.'

वसंता, तुझं बरोबर होतं. मी तसंच म्हणाले असते.

मी तिला चहा केला. ती म्हणाली, मला तुमचं स्वयंपाकघर पाहायचं आहे. मी हात धरून आत नेलं. मधल्या खोलीत ती दोनदा अडखळली. आत आल्यावर मी कंदील लावणार होते, ती म्हणाली, राहू द्या. अंधारात ती उभी राहिली. एका बाजूला मी, एका बाजूला कुबडी. तिचा श्वास मला ऐकू येत होता. जिच्या अंगावर भिंत पडली ती बाई त्या भिंतीसमोर उभी होती, आणि मला वाटलं, तिला भीती वाटत असेल, हिला बाहेर न्यावं.

ती म्हणाली, 'लय अंधार हाये, बाई. कशा राह्यता तुमी? फोडा.'

दुसऱ्या दिवशी मी गफूर मिस्त्रींना बोलावलं. सोनाराच्या घरापासून तुझ्या सगळ्या जुन्या कामांवर तेच होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, 'साहेबाचं बहुत वाईट झालं.' मी विचारलं, 'पिंपळगावचं तुम्हाले माहीत होतं?'

'हाव.'

'मंग मले कधी काऊन नाही सांगतलं?'

'साहेबाचं होतं ते, बाई. माहं नव्हतं.'

मग त्यांनी हेही सांगितलं की तू तीन वेळा त्यांना घेऊन आमच्या घरी आला होतास. मी शाळेत असताना. भिंत ठोकून, कान लावून पाहिलीस. तुळई कुठे टेकली आहे ते पाहिलंस. हे घरात होते, यांना तू शपथ घातली होतीस. मी यांच्याकडे पाहिलं. हे जमिनीकडे पाहत होते. मला राग यायला हवा होता. आला नाही.

'होईल का?' मी मिस्त्रींना विचारलं.

'मले येते करता. साहेबालेबी येत होतं. साहेबानंच तं मले शिकवलं, अशी भिंत असली तं आधी वरचं लाकूड बसवाचं, मंगच खालचं काढाचं. साहेबाले भेव होतं, बाई. मले बी हाये. पन मले तुमची खिडकी करा लागते.'

मागच्या रविवारी ते दोन माणसं घेऊन आले. तुळईखाली दोन्हीकडून जाड थुन्या, लाकडी टेकू, उभ्या केल्या, पाचर मारून घट्ट केल्या. मग म्हणाले, 'आता सगळे बाहेर.' मी म्हणाले, 'मी इथंच थांबते. मी सांगतली खिडकी, भिंत पडली तं माह्यावर पडू द्या.' मिस्त्रींनी सब्बल खाली ठेवली. 'मंग मी हात नाही लावत.' माझ्याहून वयानं मोठा माणूस, डोळ्यांत पाणी आणून उभा होता. मी बाहेर आले.

आम्ही बोळीत उभे राहिलो. सोनाराची बायको आली, आजूबाजूचे आले. आतून घाव ऐकू येत होते, फार हळू, एकेक, मध्ये बराच वेळ जायचा. मी तुझा विचार करायचा प्रयत्न करत होते. तू उन्हात मळ्यात धावतोयस, तू मुंबईहून आलास तेव्हाचा कोट, काहीतरी. काही येत नव्हतं. डोक्यात फक्त घाव मोजले जात होते. एकदा आत मोठा आवाज झाला, पोतं पडावं तसा. सगळे मागे सरले. यांनी भर बोळीत, सगळ्यांसमोर, माझा हात धरला. लग्नाला अठरा वर्षं झाली, असं कधी केलं नव्हतं. मग आतून मिस्त्री ओरडले, 'माती हाये, माती! काही नाही!'

दुपारी भिंतीत आधी एक बोट शिरलं, मग अख्खा हात, मग त्या भोकातून मिस्त्रींचा मातीनं भरलेला चेहरा. ते हसत नव्हते. माझ्याकडे पाहून त्यांनी फक्त मान हलवली.

संध्याकाळपर्यंत चौकट बसली. दीड हात रुंद, दोन हात उंच. सागाची आहे. मी आत गेले तेव्हा मला माझंच स्वयंपाकघर ओळखू येईना. अठरा वर्षांचं काजळ भिंतीवर कुठे किती जाड आहे, ते दिसलं. कोनाड्यातली दोन पितळेची भांडी मी कधीच नीट घासली नव्हती, ते दिसलं. चुलीमागे भेग आहे, तिथूनच विंचू आला असणार. गोवऱ्या हलवल्या, भेग बुजवून घेतली. पाट्या भरभरून माती बाहेर काढली. सोनाराची बायको मदतीला बसली होती, ती अचानक म्हणाली, 'वसंतरावाले आवडलं असतं.' मी म्हणाले, 'हो.'

मला वाटलं होतं, निदान तेव्हा तरी रडू येईल. आलं नाही. येईल कधीतरी, नाही तर नाही येणार. कौसल्येनं जाताना माझ्या गालावर हात ठेवला होता. म्हणाली, 'मलेबी सालभर रडू नोतं आलं.' मी तिला कार्ड टाकलं आहे. पोळ्याला आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत. ते घर मला पाहायचं आहे. तू नसताना पाहायचं आहे, त्याचं फार वाईट वाटतं, असं मी लिहिते आहे. वाटतं की नाही मला नक्की कळत नाही. पण ते खरं असणार.

एवढं तरी खरं आहे की मी तुला चुकीचं ओळखलं. तुला लाज वाटत नव्हती, तुला भीती वाटत होती. आणि तुझी भीती माझ्याच जिवाची होती. मी ती ओळखायला हवी होती. तू मला सांगायला हवं होतंस. दोन्ही राहिलं. आणि तुझंही चुकलंच, वसंता. तू मला नवं घर देत होतास, कारण नव्या घरात तू कोणाला दुखावलं नव्हतंस. मला ते नको होतं. ह्या घरात माझी मुलं झाली, ह्या घराचा कोपरा न् कोपरा माझ्या पायांना ठाऊक आहे. मला तेच घर पाहिजे होतं, फक्त उजेडातलं. तूच आधी सोनाराला ते शिकवलं होतंस.

गफूर मिस्त्री म्हणतात, पावसाळा काढू द्या, मग मी निश्चिंत. थुन्या त्यांनी अजून काढलेल्या नाहीत. बरोबर आहे त्यांचं. पण तुला सांगायला मी पावसाळ्याची वाट पाहणार नाही.

आज सोमवार. सकाळी उठून मी चूल पेटवली. कंदील लावला नाही. धूर आधी घुटमळला, मग बाहेर गेला. भाजी चिरली, भाकरी केल्या, यांचा डबा भरला. थोडा वेळ होता म्हणून खिडकीपाशी बसून चौथीच्या वह्या तपासल्या. मग शाळेत गेले, परत आले, आणि आता इथंच बसून हे लिहिते आहे. पाठ भिंतीला टेकली आहे.

काही झालं नाही रे, वसंता. काहीच झालं नाही.